जमशेदचाचांची चार कातडी

वाशिमजवळच्या मालेगावात, बसस्टँडमागच्या आमच्या गल्लीत सकाळी नऊला पत्र्यावर हातोडी पडायला लागली, की समोरचं जमशेदचाचांचं दुकान उघडलेलं असायचं. कोठ्या, नरसाळी, बादल्यांना नवी बुडं, आणि होळी झाली की कुलरच कुलर. पन्नास वर्षं त्यांनी पत्रा ठोकला. तरी पत्ता विचारणाऱ्या नव्या माणसानं 'ते पत्रेवाले' म्हटलं, की चाचा मान वर न करता सुधारून द्यायचे, "ड्रमवाला म्हना. पत्रा त पोटासाठी हाये."

त्या ठोकाठोकीत कुणीही काहीही विचारायचं तर ओरडूनच विचारावं लागे. चाचीही ओरडून बोलायची, गिऱ्हाईकही, मीसुद्धा. त्यामुळे आपण चाचांशी दिवसेंदिवस किती मोठ्यानं बोलायला लागलोय, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

ड्रम मागच्या खोलीत होता. खरं तर खोली ड्रमचीच. चाचा आणि मेहरबी चाची उरलेल्या जागेत राहायचे. कलकत्त्याला घडलेला, लाल चमकीचा, चाचांच्याच वयाचा, म्हणजे सत्तरी ओलांडलेला सेट. पायानं वाजणारा बास, एक लहान, एक मोठा असे दोन टॉम, आणि साइड. साइड म्हणजे पोटाखाली तारांची जाळी असलेला तो पातळ ढोल, ज्याच्यावर सगळं गाणं उभं असतं. वाशिमच्या गुलशन ऑर्केस्ट्राचा मालक एकोणऐंशी साली हैदराबादला निघून गेला. जाताना सेट वाजवणाऱ्याच्या, म्हणजे चाचांच्या, घरी ठेवून गेला, तो न्यायला परत आलाच नाही. पुढं चाचा आणि गाणारे रंगराव, दोघांनी उरलीसुरली माणसं धरून तोच ऑर्केस्ट्रा ओढला. उरूस, गणपती, बारशी, लग्नं. रिसोडपासून कारंज्यापर्यंत. शेवटचं बोलावणं येऊन अकरा वर्षं झाली होती.

या ड्रमची अडचण अशी की त्याची मापं जुनी. आज बाजारात मिळतो तो प्लॅस्टिकचा पडदा त्यावर बसत नाही. अकोल्याच्या दुकानदारानं तीनदा वेगवेगळा मागवून पाहिला, तिन्ही वेळा पाव इंचानं फसला. म्हणून त्यावर बकऱ्याचं कातडं असायचं, आणि ते चढवायचा शिरपूरचा लखमा. हलग्या मढवणारा माणूस. बारा वर्षांपूर्वी त्यानं शेवटची चार कातडी चढवून दिली. दोन वर्षांपूर्वी लखमा वारला, तेव्हा चाचा बसनं शिरपूरला मातीला गेले, आणि परतताना राहवेना म्हणून त्याच्या सुनेला, रत्नमालाला, विचारून बसले, की आता हे काम कोण करतं.

"कोनीच नाही, चाचा," ती म्हणाली. "आमचे हे ऑटो चालवतेत. कातड्याच्या वासानं त्याईले मयमयते."

घरी येऊन चाचांनी चारी कातड्यांवर चाचीच्या जुन्या सुती साडीचे तुकडे घातले. ही फाटली की संपलं, एवढं त्यांना कळत होतं.

या वर्षी एप्रिलच्या शेवटी, बाजाराच्या दिवशी, रंगराव वांग्यांची पिशवी घेऊन दुकानात आले. गावाबाहेर त्यांचा भाजीचा मळा आहे. पिशवी खाली ठेवून ते उलट्या डब्यावर बसले.

"जमशेद, माह्या तनुजाची हयद हाये पंधरा दिवसानं."

"मुबारक. मंग?"

"मंग काय बे? वाजवाचं हाये तुले."

चाचांनी हातोडी खाली ठेवली. 

"गाईन कोन?"

"मी."

"तुह्या तोंडात दात किती राह्यले?"

"गायाले दात लागते काय? तू काय दातानं वाजवतं?"

तनुजा रंगरावांची नात, माझ्या वर्गातली. तिनं बबलूचा डीजे आधीच सांगून ठेवला होता. आजोबा हट्टाला पेटले, दोन दिवस जेवले नाहीत, असं ती सांगते. रंगराव म्हणतात, एकच वेळ. शेवटी तडजोड निघाली, की दुपारी हळद लागताना अर्धा तास म्हातारे, मग बबलू. चाचांना हे सांगितलं तेव्हा त्यांना वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, अर्धा तास म्हणजे सहा गाणी होतात. आणि बोटांवर गाणी मोजायला लागले.

दुसऱ्या दिवशी सेट निघाला. चाचांनी स्क्रूंना तेल दिलं, चमकी पुसली, मग खिशातून स्क्रू पिळायची चावी काढून साइडच्या कडेकडेनं नखानं टिचक्या मारत फिरले. टिचकी, ऐक, चावी. टिचकी, ऐक, चावी. त्यांची पद्धत हीच, कायमची. एक फेरी झाली आणि त्यांचा चेहरा उतरला.

आवाज मेला होता. म्हणजे त्यांच्या म्हणण्यानुसार. कातडं ढिलं पडलंय, बसकं वाजतंय, तारांचा खर्रर्र असा कुरकुरीत आवाज यायला हवा तो येतच नाही. उन्हाळ्यात कातडं आपोआप ताणून चढतं, हे त्यांनाही ठाऊक. मग एवढ्या कडक उन्हात ते उतरलं कसं? दोन दिवस चाचा खोलीच्या दारात बसून विचार करत राहिले, आणि तिसऱ्या दिवशी त्यांना गुन्हेगार सापडला. कुलर. खिडकीतल्या त्यांच्याच हातच्या कुलरची ओली हवा थेट साइडवर यायची. वाळ्याचा ओलावा कातड्यानं पिला, असं ठरलं, आणि कुलर बंद झाला.

मेच्या पहिल्या आठवड्यात, वाशिम जिल्ह्यात, कुलर बंद. बाहेर चव्वेचाळीस अंश. साऱ्या गावाचे कुलर दुरुस्त करणाऱ्याच्या घरात चाची पुठ्ठ्यानं वारा घेत हळदीपर्यंत बसली. मी म्हटलं, चाची, आमच्याकडं येऊन झोपा. ती म्हणाली, यांना खोलीत एकटं सोडवत नाही.

खरी गोष्ट तिला पहिल्या दिवशीच कळली होती. चाची कधी कार्यक्रमाला गेली नाही. पण पंचेचाळीस वर्षं ती त्याच खोलीच्या कोपऱ्यात स्वयंपाक करत होती आणि तो ड्रम तिच्या पाठीशी वाजत होता. कातडं ढिलं नव्हतंच. चढलेलं होतं, आणि रोज आणखी चढत होतं.

"चढ गया जी," ती त्यांच्या वऱ्हाडी हिंदीत सांगायची. "अब बस करो."

"उतर गया है. तुमकू क्या समजता?"

मग चावीचा आणखी एक फेरा.

मला तिनं हे चौथ्या दिवशी सांगितलं, आमच्या ओट्यावर बसून, अगदी हळू. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा, असं सांगून ती दळण आणायला गेली होती. परत आली तर भात कोळसा झालेला, आणि चाचा कुकरपासून दोन हातांवर पेपर वाचत बसलेले. म्हणे शिटी झालीच नाही. नात, यूसरा, फोनवर बोलते ते त्यांना कळत नाही, नुसतं हो हो करतात. आधी जातो तो बारीक आवाज. शिटी, चिमणी, पोरीबाळींचा गळा. आणि साइडचा सगळा जीव त्याच आवाजात असतो. पन्नास वर्षं दिवसा पत्रा आणि संध्याकाळी ड्रम, कान किती टिकणार?

"मंग तुमी सांगत काहून नाही त्याईले?" मी विचारलं.

चाचीनं पुठ्ठा थांबवला.

"हातानं काम करनाऱ्याले हात गेला म्हनून सांगता येते. याईले कान गेले म्हनून कसं सांगू? ड्रमर हायेत ना."

मी सांगू का, असं मी विचारलं. ती म्हणाली, हळद होऊ दे. मला ते बरोबर वाटलं. अर्धा तासच तर आहे, वाजवू दे म्हाताऱ्याला, मग पाहू. आम्ही दोघींनी मिळून असं ठरवलं.

हळदीच्या दिवशी तीन वाजता सेट रंगरावांच्या भाजीच्या टेम्पोत चढला. ताडपत्री नव्हती. उघड्या टेम्पोतून, भर उन्हातून, चार मैल. मळ्यात मांडव पडला होता. तनुजा पाटावर, अंगाला हळद लागत होती, बाया गात होत्या. पलीकडे बबलू भोंग्यांच्या भिंतीसमोर खुर्ची टाकून फोन पाहत होता. चाचांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. बसले, मांडी सावरली, साइडवर एक काठी टाकली.

टण्ण.

रंगराव माईकवरून वळले. "अबे, हे त डब्यावानी वाजून राह्यलं."

चाचांना शब्द कळले नाहीत, पण दोस्त काहीतरी खोडसाळ बोलला एवढं कळलं. ते हसले, मान डोलावली, आणि खिशातून चावी काढून साइडच्या आठही स्क्रूंना अर्धा अर्धा वेढा आणखी दिला. मी मांडवाच्या खांबाला टेकून उभी होते. दहा पावलांवर. मी गेले नाही.

मग त्यांनी वाजवायला सुरुवात केली, आणि मी हे खरंखुरं सांगते, पहिली चार मिनिटं मी ठरवलेलं सगळं विसरले. हात एकाहत्तर वर्षांचे नव्हतेच. मनगटं पाण्यात फिरल्यासारखी फिरत होती. आवाज पत्र्यासारखा कर्कश होता, सगळ्यांना बोचत होता, पण ताल असा ठाम की बाया गायचं थांबवून बघायला लागल्या. बबलूनं फोन खिशात टाकला. रंगरावांचा गळा फाटका, पण ते समेवर येत होते, कारण चाचा त्यांना आणत होते. पहिलं गाणं झालं. टाळ्या पडल्या. चाचांनी त्या पाहिल्या आणि दुसरं धरलं.

दुसऱ्या अंतऱ्याला साइडचं कातडं या कडेपासून त्या कडेपर्यंत फाटलं. काठी तारांत जाऊन अडकली.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. चाचा काठी तशीच धरून चिरेकडं पाहत बसले. मग म्हणाले, कुलर आणखी आधी बंद करायला पाहिजे होता. कातडं आतून ओलंच राहिलं.

रंगराव त्यांच्याजवळ जाऊन वाकले. माईक हातातच होता, तो त्यांनी पाठीमागं धरला.

"कातड्याले काही झालं नोयतं, जमशेद. तुले आयकू येत नाही."

"काय?"

"तुले आयकू येत नाही बे."

"काय म्हन्ला?"

बबलूचा जनरेटर घरघरत होता. रंगरावांनी मांडवाकडं एकदा पाहिलं. सगळे त्या दोघांकडंच बघत होते. मग ते चाचांच्या कानाशी गेले आणि गळा फुटेस्तोवर मोठ्यानं म्हणाले, "तुले आयकू येत नाही."

मांडवात शेवटच्या रांगेपर्यंत गेलं ते. पाटावरच्या तनुजापर्यंत, आचाऱ्यांपर्यंत.

चाचांनी मान हलवली, एखाद्या गिऱ्हाइकानं माप सांगितल्यावर हलवावी तशी. काठ्या पिशवीत घातल्या. अर्ध्या तासातली अठरा मिनिटं उरली होती, ती बबलूनं घेतली.

कातडी वाजवून झाली की उतरवून ठेवावी लागतात. प्रत्येक स्क्रू दोन वेढे ढिला, नाहीतर रखरखीत हवेत कातडं ओढत जातं आणि एक दिवस आपणच फुटतं. कितीही उशिरा आले तरी चाचा चारीही उतरवूनच भाकरीला बसायचे, असं चाची सांगते. त्या दिवशी सेट खोलीत लागला आणि चाचा दुकानात जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी चाचीनं चावी त्यांच्यापुढं धरली. त्यांनी तिच्या हातातून घेऊन पत्र्याच्या कातरणीत टाकली. तिनं उचलली, स्वतः जाऊन ड्रमपाशी बसली. पण चावी कुठल्या बाजूला फिरवली की ढिलं होतं, हे तिला पंचेचाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, आणि उलटं फिरलं तर, या भीतीनं ती तशीच उठली. मी म्हटलं, मी फिरवते. मी चावी घेताना पाहून दुकानातून चाचांनी हातानंच नको म्हणून सांगितलं.

यूसरानं वाशिमच्या कानाच्या डॉक्टरचा नंबर लावला. चाचा गेले नाहीत. कुलर चालू करू दिला नाही. आता कशाला बंद, असं विचारलं तर पत्रा ठोकायला लागायचे.

पाच दिवसांनी दुपारी दोनच्या सुमाराला खोलीत फटाका फुटल्यासारखा आवाज झाला. गल्लीतली माणसं ओट्यावर आली. चाचा नरसाळ्याची कड वळवत होते, वळवत राहिले. संध्याकाळी चाचीनं ताट वाढलं तेव्हा त्यांनी विचारलं, "आज कौनसा गया?"

चाचीनं करंगळी दाखवली. लहान टॉम.

मोठा पुढच्या आठवड्यात गेला. तेव्हा मी तिथंच होते, कोथिंबीर निवडायला बसले होते चाचीजवळ. त्यांनी तेच विचारलं. चाचीनं दोन्ही हात पसरून मोठा टॉम दाखवला. मग माझ्याकडं पाहून, आपल्यालाच म्हटल्यासारखं म्हणाली, की आता बास तेवढा राहिला.

चाचांनी तिचे ओठ वाचले असावेत.

"त्याले टाइम लागीन," ते म्हणाले, आणि भाकरी मोडली. "जाड हाये."