आमच्या सामाईक गाडीचा मागचा लाईट

असले अनुभव सांगणाऱ्या माणसांचा मला आजही राग येतो. आळेफाट्याला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देतो. करंट वायरमधून येतो, वायर तुटली की येत नाही... यापलीकडे मी कधी काही मानलं नाही. तरी लिहितोय. वाचून तुम्ही जे म्हणाल, ते मी स्वतःला आधीच म्हणून झालंय.

गाव राजुरी, साल दोन हजार एक, श्रावण. वाटण्या होऊन दोन वर्षं झाली होती आणि तेव्हापासून थोरला भाऊ, म्हणजे दादा, आणि मी एकमेकांशी बोलत नव्हतो. अंगण एक, चुली दोन. विहीर सामाईक राहिली होती. तिच्या पाण्याच्या जशा पाळ्या, तशाच वडिलांच्या जुन्या मोटरसायकलच्या – आठ दिवस त्याची, आठ दिवस माझी. ज्याच्या पाळीत जे मोडेल ते त्याने करायचं. मागचा लाईट नेमका पाळी बदलायच्या दिवशी गेला. मग काय, महिनाभर दोघांपैकी कुणीच हात लावला नाही. लाईट दुरुस्त करणं म्हणजे आपल्या पाळीत गेला हे कबूल करणं. दोघेही बिनलाईटची गाडी हाणत होतो.

शेवटी आई माझ्याकडे आली. पंचमीला वहिनी माहेरी, मढला गेली होती आणि त्या दिवशी दुपारी दादा तिला आणायला निघणार होता.

"धुकं लई असतंय तिकडं. लाईट तेवढा कर बाबा."

पाळी दादाची होती, तरी मी फाट्यावरून बल्ब आणला. अंगणात गाडी स्टँडवर लावली, दोन स्क्रू काढून लाल काच उतरवली, उडालेला बल्ब काढला, होल्डरचा गंज पॉलिश पेपरने घासला. नवा बल्ब हातात घेतला, तेवढ्यात ओट्यावरून दादा आईला म्हणाला, म्हणजे मला ऐकू जाईल असं –

"करू दे की. त्याच्याच पाळीत गेला व्हता."

माझं डोकं फिरलं. बल्ब शर्टाच्या खिशात टाकला, रिकाम्या होल्डरवर काच बसवली आणि स्क्रू आवळले. आईने विचारलं, "झालं का रे?" मी म्हणालो, "झालं." येताना मागे वहिनी बसणार हे मला माहीत होतं. धुकं माहीत होतं. सगळं माहीत असून म्हणालो.

दादाने लाईट लावूनही बघितला नाही. बोलत नसला तरी माझ्या कामावर त्याचा तेवढा विश्वास होता, आणि तेच मला आज जास्त टोचतं. मी दुकानावर आलो, आणि दुपारी तो दुकानासमोरूनच मढकडे गेला. हाक मारावी असं वाटलं. नाही मारली. त्या दिवशी माझ्याच्याने एक मोटार धड भरली गेली नाही.

दोघं घरी आली तेव्हा दिवे लागले होते. दादा गाडी लावून सरळ माझ्या दारात आला.

"सुरेश, ओतूरच्या अलीकडं गाडी बंद पडली. मी वाकून प्लग साफ करत व्हतो, ही मागं उभी. धुक्यातनं ट्रक आला अन् दोन हातांवर थांबला बघ. डायवर शिव्याच द्यायला लागला. म्हनला, लाल लाईट दिसला म्हणून ब्रेक मारला, न्हाईतर दोघं गेला असता."

"ट्रक यायच्या आदीपासनं लागला व्हता भावजी," वहिनी म्हणाली. "माझा हिरवा पदर पार लाल दिसत व्हता."

दादाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. दोन वर्षांत पहिल्यांदा. "नीट बसवलास राव."

तिथे गप्प बसलो असतो तर निभावलं असतं. पण माझा माझ्यावरच विश्वास बसेना. स्क्रू ड्रायव्हर घेतला, सगळ्यांसमोर काच उतरवली. होल्डर रिकामा होता. नवा बल्ब अजून माझ्या खिशातच होता, तो काढून हातावर ठेवला.

काचेतला रिफ्लेक्टर चमकला असेल, असं म्हणणाऱ्यांनी थोडं थांबा. ती साधी डुप्लिकेट काच होती, त्यात रिफ्लेक्टर नव्हता. आणि आमच्या गाडीचा मागचा लाईट इंजिन चालू असेल तरच लागायचा... इंजिन तर बंद पडलेलं. भास म्हणावा तर अनोळखी ट्रकवाल्याला आणि वहिनीला एकच भास कसा? वायरिंग मी नंतर तीनदा पूर्ण उघडून पाहिलं. काही सापडलं नाही.

दादाने रिकाम्या होल्डरमध्ये बोट फिरवून बघितलं. वहिनी देवाचं नाव घेत होती. तो घेत नव्हता.

"लाईट कसा लागला ते ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "तू बल्ब का न्हाई बसवला?"

लाईट कसा लागला, हे मला आजही सांगता येत नाही. दादाच्या प्रश्नाचं उत्तर मात्र माझ्याकडे होतं. ते इतकं फडतूस होतं की वहिनीसमोर तोंडातून निघेना. तो वहिनीला घेऊन त्यांच्या घरात गेला आणि आतून कडी लावली. आमची बोलचाल बंद आहे ती त्या दिवसापासून... आधीची दोन वर्षं मी धरत नाही.