मनगटावरचं व्हायोलिन

आवडी स्टेशनच्या बाकावर तो रोज सकाळी दिसायचा. मांडीवर व्हायोलिनची पेटी, डोळे मिटलेले, आणि डाव्या हाताची बोटं उजव्या मनगटावर अलगद सरकत असायची. पोटासाठी तो अंबत्तूरच्या कारखान्यात लेथ चालवायचा.

एकदा म्हणाला, "रविवारी माझं पहिलं एकल वादन आहे, सार. ओळख करून देताना वडील कोण ते सांगतात. माझे लग्नाच्या बँडमध्ये होते. आयोजक म्हणाले, ते गाळू. म्हटलं, मग मलाही गाळा."

मी घरातला पहिला पदवीधर, पण ऑफिसच्या फॉर्मवर हमाल वडिलांच्या व्यवसायापुढे 'व्यापार' लिहून बसलेला.

रविवारी निवेदिकेनं बँडचं सांगितलं. त्यानं डोळे मिटले, आणि बाकावर रोज नुसता दिसणारा राग मला पहिल्यांदा ऐकू आला.

सोमवारी मी माझा फॉर्म परत मागितला.