भाऊजींचा भाता

माझ्या धाकट्या दिरांइतकं दुसऱ्याच्या श्वासात लक्ष घालणारं माणूस बारामतीत झालं नाही, आणि इंदापूरपर्यंत शोधलं तरी सापडायचं नाही. भाऊजी डॉक्टर. मुंबईला शिकून आले आणि आमच्याच पुढच्या खोलीत दवाखाना थाटला. बोलताना आपण समोरच्याच्या तोंडाकडे बघतो, भाऊजी छातीकडे बघत. पंगतीत कुणी आणखी पुरणपोळी मागितली की वाढप्याला म्हणत, "थांबा, आधी त्यांना श्वास घेऊ द्या." इंदापूरला त्यांच्यासाठी मुलगी बघायला गेलो, तर हे बराच वेळ आळीपाळीनं घड्याळाकडे आणि तिच्याकडे बघत बसले आणि शेवटी म्हणाले, "जिना चढून आलात का?" पोहे संपायच्या आत आम्ही रस्त्यावर होतो.

नाद एकच. श्वास बंद पडलेल्या माणसाला यंत्रानं श्वास देता आला पाहिजे. त्यापायी सायकलचा पंप झाला, लोहाराचा भाता झाला. आमच्या शेळीवरही प्रयोग झाला. तिला काही झालं नाही, पण दवाखान्याचं दार दिसलं की ती चारी पाय रोवून उभी राहायची. शेवटी मारुतीच्या देवळातली भजनाची पेटी त्यांनी "दोन दिवसांसाठी" मागून आणली, तिचा भाता काढला आणि त्याला रबरी नळी नि झडपा जोडल्या. भजनी मंडळाचे तात्या रोज दारात. "डाक्टर, एकादशी आली. पेटीबिगर आमी काय नुसतं वरडायचं व्हय?" तात्यांचा आवाज ऐकलेला असल्यामुळे मला ही काळजी रास्त वाटे.

एका सकाळी तात्या चौघांना घेऊन पेटी न्यायलाच आले. तेवढ्यात सणसरहून एक बैलगाडी येऊन थांबली. गाडीत तरुण बाई, निपचित. पहाटे अंथरुणात मण्यार चावली होती आणि श्वास जवळजवळ थांबला होता. भाऊजींनी छातीला कान लावला. "हृदय चालू आहे. विष उतरेपर्यंत श्वास आपण द्यायचा." त्यांनी तिच्या घशात नळी सरकवली, भाता जोडला आणि तात्यांनाच फर्मावलं, "बसा. दाबा."

भजनी माणसाचा हात भात्याला चांगला, पण त्याला एक खोड असते. सुरुवात संथ, मग लय चढत जाते.

"तात्या, लय वाढवू नका, ती मरेल!"

"मी कुठं वाढिवतोय? आपसूक वाढती!"

मी तात्यांना उठवलं आणि भाकरी थापायच्या बेतानं भाता चालवायला बसले. मग ज्याची लय चढेल त्याला मी उठवायचं, असं आळीपाळीनं सुरू झालं.

ऊन कलल्यावर, गाडीतून बरोबर आलेल्या तिच्या सासूचा धीर सुटला. "डाक्टर, सोडा आता. मढ्यात वारं कशापायी भरताय?" डोळे पुसत तिनं सुनेचं हिरवं लुगडं लेकीला द्यायचंही शेजारणीपाशी बोलून टाकलं. भाऊजी मात्र त्या बाईच्या कानाशी वाकून एकसारखे बोलत होते. "बाई, तुम्हाला ऐकू येतंय. फक्त हलता येत नाही. आम्ही आहोत इथे." भाऊजींचं डोकं फिरलं असं मला वाटलं, पण हात रिकामा नव्हता, नाहीतर कपाळाला लावला असता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचं बोट हललं. नळी निघाली, घसा मोकळा झाला, आणि पहिलं वाक्य आलं, "आत्याबाई, माझं हिरवं लुगडं वन्संला देताय व्हय?" सासू पदर तोंडाला लावून रडली की हसली, ते मला कळलं नाही. मग ती सून भाऊजींकडे वळली. "डाक्टर, लई अंधार व्हता. तुमी बोलत व्हता म्हून समजलं, मी हाय अजून." भाऊजी उगाच झडप पुसत बसले.

पुढे याच कामासाठी त्यांना मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात बोलावून घेतलं. त्यांच्या खोलीत मी आता कांदे ठेवते. दिवाळीला आले तेव्हा सांगत होते, परदेशातून विजेवर चालणारं यंत्र आलंय, थकत नाही, लय चढत नाही.

"मग बरंच की," मी म्हटलं.

"बरंच आहे, वहिनी. पण ते सुरू झालं की सगळे आपापल्या कामाला जातात. खोलीत कुणी बोलत नाही."

"आणि तुम्ही?"

"मी बसतो बोलत. नर्सबाया हसतात."

"हसू देत," मी म्हटलं.