गुजरीतला तांबडा गोऱ्हा

आमच्या मिस्टरांनी सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून काढली. उमरखेडच्या मुक्कामी गाड्या केल्या, झरी जामणीकडच्या जंगलातल्या रस्त्यांवर रात्री काढल्या, चिखलात फसलेल्या गाड्या ढकलल्या. अंगावर साधा ओरखडा आला नाही. रिटायर झाले आणि गुजरीत मेथी घेताना एका गोऱ्ह्यापायी खुब्याचं हाड मोडून बसले.

गुजरी म्हणजे आमचा भाजीबाजार. बसस्टँडला लागूनच आहे. माझं फॉल-पिकोचं दुकान तिच्या तोंडाशी, त्यामुळे तिथली गंमत आणि कटकट दोन्ही मला बसल्या जागी दिसतात. शेतात ट्रॅक्टर आले तसे गोऱ्हे कोणाला नकोसे झाले. लोक त्यांना सोडून देतात आणि ते गावात येऊन राहतात. त्यातला एक तांबडा, मोठ्या वशिंडाचा, एक शिंग खाली वळलेला. तो रस्त्याच्या बरोब्बर मध्ये उभा राहायचा. एसटीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकायचा, तांबडा रवंथ करत राहायचा. समोरच्या किराणा दुकानदाराची बायको रोज त्याला पहिली पोळी द्यायची आणि त्याच्या पाठीला हात लावून नमस्कार करायची. भाजीवाल्या मात्र काठ्या घेऊन बसायच्या.

त्या रविवारी कुठूनसा एक काळा सांड आला आणि तांबड्याशी भिडला. मी आत मशीनवर होते. आरडाओरडा ऐकू आला, पण तसा तो रोजच यायचा. तेवढ्यात शेजारचा गॅरेजवाला धावत आला. त्याचं गॅरेज आणि माझं दुकान एकाच भिंतीला लागून. मला तो पहिल्यापासून भाभी म्हणतो आणि मी त्याला भाई.

"भाभी, मशीन बंद करा. भाऊले तांबड्यानं पाडलं."

मी गेले तेव्हा वांग्यांची गाडी उलटी पडली होती आणि मिस्टर ओट्याच्या कडेला अर्धे बसलेले, अर्धे आडवे. चेहरा पांढराफटक. दोन्ही जनावरं शांतपणे वांगी खात होती. भाईनं आणि भाजीवाल्यांनी मिळून यांना मालवाहू ऑटोत चढवलं. ऑटो हलला तसे हे कण्हत मला म्हणाले, "मेथी राह्यली ना तिथंच."

यवतमाळला ऑपरेशन झालं, सळई बसली. घरी आणल्यावर समोरच्या खोलीत पलंग टाकला. पुण्याहून मुलाचा फोन आला, "आई, नगरपरिषदेचं ॲप आहे, त्यावर तक्रार टाक." टाकली. फोटोसकट टाकली. चार-पाच दिवसांनी मोबाईल वाजला: तक्रारीचे निवारण झाले आहे. मी मान वर करून पाहिलं. निवारण झालेला तांबडा माझ्या दुकानाच्या पायरीवर शेपटी हलवत उभा होता.

मग मी स्वतः निघाले. नगरपरिषदेत आरोग्य विभागाच्या टेबलावरचा बाबू म्हणाला, "जनावरं आमच्याकडं येत नाई काकू. स्वच्छतेकडं जा."

स्वच्छतेवाला म्हणाला, "आमी शेण उचलतो. जनावर नाई उचलत."

"मंग जनावर कोण उचलते?"

"ठेका दिल्ता मागं. तो ठेकेदार कुत्रे धरे."

पोलीस ठाण्यात गेले. तिथला हवालदार चांगला माणूस होता, त्यानं बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाला, "मालक कोण हाय ते सांगा, लगेच लिहून घेतो. सांडावर गुन्हा कसा लावू मी?" मालक कोण हे गावात कोणालाच माहीत नव्हतं. गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "आजारी आहे का? आजारी असेल तर आणा." मी म्हटलं, "साहेब, तो धडधाकट हाय. आजारी माझा नवरा हाय." ते ओशाळून हसले. मला हसू आलं नाही.

पूर्वी अशा वेळी नगरसेवकाच्या दारात जाऊन भांडता यायचं. निदान आवाज चढवायला कोणीतरी असायचं. पण तेव्हा निवडणुकाच रखडलेल्या होत्या, नगरसेवक माजी झाले होते आणि सगळा कारभार मुख्याधिकाऱ्यांकडे होता. ते तरुण होते, बाहेरगावाहून नवीनच बदलून आलेले. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, मध्ये फोनसुद्धा उचलला नाही. मला वाटलं, झालं काम.

"आपला कोंडवाडा आहे ना?" त्यांनी शेजारच्या अधीक्षकांना विचारलं.

"आहे ना सर."

"मग जनावरं कोंडत का नाही आपण?"

"करतो सर," अधीक्षक म्हणाले आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू गोऱ्हा मीच पाळला होता.

कोंडवाडा म्हणजे मोकाट गुरं कोंडायची जागा. लहानपणी आमची गाय तिथून सोडवून आणल्याचं मला आठवत होतं. परतताना वाट वाकडी करून पाण्याच्या टाकीमागे गेले. भिंत होती, लोखंडी फाटकही होतं. फटीतून डोकावले तर आत मोडक्या घंटागाड्या एकीवर एक रचलेल्या, गंजलेल्या कचराकुंड्या आणि चौकात बसवायला आणलेलं, पण कधीच न बसलेलं एक कारंजं. सिमेंटचे चार हंस तोंड वर करून उभे होते. आत शेळीसुद्धा मावली नसती.

पुढच्या आठवड्यात नगरपरिषदेनं खरंच काहीतरी केलं. सकाळी कचऱ्याची गाडी आली आणि गाणं थांबवून भोंग्यातून बाईचा गोड आवाज आला: नागरिकांनी बाजारात फिरताना मोकाट जनावरांपासून स्वतःची काळजी घ्यावी. मिस्टर पलंगावरून ऐकत होते. ते म्हणाले, "हे आधी सांगायले पायजे होतं." मी हातातला झाडू आपटला. त्याच दिवशी गुजरीत एक फलकही लागला: सावधान, जनावरांचा वावर. लोखंडी खांबावर, अगदी मधोमध. संध्याकाळपर्यंत तांबड्याला त्याचा उपयोग कळला. तो त्या खांबाला मान घासत उभा राहू लागला. दोन दिवसांत फलक कलला, तिसऱ्या दिवशी कांदेवाल्याच्या डोक्याला लागता लागता राहिला. तेव्हा भाजीवाल्यांनीच तो उपटून गटारीवर टाकला. निदान तिथं त्यावरून चालता तरी यायचं.

एवढं सगळं मी सहन केलं असतं. यवतमाळच्या फेऱ्या, पट्ट्या, यांचा व्यायाम, दुकान, यात माझ्यात भांडायचं त्राण उरलं नव्हतं. पण एका दुपारी शाळा सुटायच्या वेळी तांबडा बिथरला. कोणी त्याच्यावर गरम पाणी फेकलं म्हणतात. तो शाळेच्या गल्लीत घुसला. पोरी दप्तरं टाकून पळाल्या, काही गॅरेजात शिरल्या, काही माझ्या दुकानात. मशीनखाली, साड्यांच्या ढिगामागे, जिथं जागा मिळाली तिथं बसल्या. एक बारकी पोरगी माझ्या साडीचा पदर दोन्ही हातांनी धरून उभी होती. तिच्या दातांचा आवाज मला ऐकू येत होता. भाईनं अर्धं शटर ओढलं. कोणाला लागलं नाही. तांबडा गल्लीच्या टोकाशी जाऊन थांबला आणि थोड्या वेळानं आपोआप शांत झाला.

पोरी घरी गेल्यावर मी रस्त्यात उभी राहिले आणि मोठ्यांदा म्हणाले, "याले नगरपरिषदेत नेऊन सोडते मी."

भाजीवाल्या हसल्या. त्यांच्यातली जी सगळ्यात दणकट, तांड्यावरून येणारी बाई होती, ती म्हणाली, "नेशीन कशी? तुया पदराले बांधून?"

"ढेप दाखवून," भाई म्हणाला. "भाभी, जनावर हाय ते. खायचं दिसलं की येते मांगं."

किराणा दुकानातून सरकीची ढेप, म्हणजे पेंड, आली. दुकानदाराच्या बायकोनंच पाटी भरून दिली. तिची नात त्या शाळेतच होती आणि तिचा नमस्कार त्या दिवशी आटला होता. भाई पाटी घेऊन पुढे, तांबडा मागे, दोन्ही बाजूंनी काठ्या घेतलेल्या भाजीवाल्या आणि सगळ्यात मागे मी. मी भीत होते हे खोटं कशाला सांगू? तो मान वळवायचा तेव्हा मी दोन पावलं मागे सरायचे. तांड्यावरच्या बाईचे ओठ सारखे हलत होते, बहुतेक देवाचं नाव घेत असावी. मुख्य रस्त्यावर वाहनं थांबली. पांढरकवड्याकडे निघालेल्या एका ट्रकवाल्यानं खाली उतरून विचारलं, "मिरवणूक कायची हाय?"

"निवारणाची!" मी ओरडले.

नगरपरिषदेचं फाटक उघडंच होतं. भाईनं पाटी थेट ध्वजाच्या चबुतऱ्यापाशी ठेवली. तांबडा आत गेला आणि आम्ही बाहेरून फाटक लावून घेतलं. मग काय विचारता! सुटीची वेळ झालेली, सगळे बाबू घरी निघालेले, आणि त्यांच्या मोटरसायकलींच्या मध्ये तांबडा. कोणी पायरी उतरेना. अधीक्षक व्हरांड्यातून ओरडले, "हे काय लावलं काकू तुमी? सरकारी हद्द हाय ही!"

"मंग सरकारनं काळजी घ्यावी," मी म्हणाले. "बाजारात चालताना आमी घेतो तशी."

"बाहेर काढा त्याले!"

"कोंडवाडा उघडा. तिथं नेतो."

मुख्याधिकारी बाहेर आले. त्यांनी तांबड्याकडे पाहिलं, फाटकाबाहेरच्या बायकांकडे पाहिलं आणि अधीक्षकांना विचारलं, "कोंडवाड्याची किल्ली कुणाकडे आहे?" अधीक्षकांनी शिपायाला विचारलं, शिपायानं स्वच्छतेवाल्याला. स्वच्छतेवाला म्हणाला, किल्लीचं काय काम, फाटक तर आतल्या गाड्यांनी अडलेलं आहे. त्या क्षणी त्या तरुण अधिकाऱ्याचा चेहरा पडला. मला त्याची थोडी कीवही आली. पण मी फाटकाची कडी सोडली नाही. तो मागच्या दारानं पायीच टाकीमागे गेला, ते हंस स्वतः पाहून आला. मग फोन झाले, माणसं आली, आणि जे काम कोणत्याच विभागाचं नव्हतं ते त्याच रात्री झालं. मोडक्या गाड्या काढून शेजारच्या मैदानात टाकल्या. हंस मात्र हलेनात, ते आतच राहिले. तांबडा पुन्हा ढेपेच्या मागे चालत कोंडवाड्यात गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक उगवला. इतके महिने ज्याचा पत्ता पोलिसांनाही लागत नव्हता, तो पांढरी टोपी घालून नगरपरिषदेच्या पायरीवर बसला होता. "माया गोऱ्हा काहून कोंडला?" म्हणून त्यानं आवाज चढवला होता. मला भाईनं बोलावलं.

"तुमचा हाय का हो तो?" मी विचारलं.

"माया नाई त काय? देवाले सोडेल हाय आमच्या घरचा."

"देवाले सोडला की तुमचा हाय? एक काय ते सांगा."

माझ्या नवऱ्याचं हाड मोडलं तेव्हा गोऱ्हा देवाचा होता, कोंडल्यावर याचा झाला. मी त्याला म्हटलं, "दंड भरा, नेऊन शेतात बांधा, ते तुमचं अन् नगरपरिषदेचं. पण आधी माया घरी चला. कोनाले पाडलं ते पाहा तरी."

तो येईल असं वाटलं नव्हतं. पण आला. हातात सीताफळांची पिशवी घेऊन आला, उंबरठ्यावर चपला काढल्या आणि पलंगाजवळच्या स्टुलावर खाली मान घालून बसला. मी काय काय बोलायचं ते रस्ताभर जुळवलं होतं. तोंड उघडणार तेवढ्यात मिस्टर उशीवरून जरा उठले आणि म्हणाले, "तुमाले पाह्यलं हाय मी कुठंतरी. सकाळच्या गाडीनं जात होते ना तुमी? मांगच्या सीटवर, दुधाच्या कॅनीपाशी?"

त्याचा चेहरा उजळला. "कंडक्टर साहेब! तुमी होय?"

झालं. पुढचा अर्धा तास त्या रस्त्यावरचे खड्डे, एक जुना ड्रायव्हर आणि घाटात बंद पडलेली गाडी. मी दारात उभी. मध्येच मिस्टर मला म्हणाले, "अवं, चहा ठेव ना." आणि मग त्याच्याकडे वळून अगदी मनापासून, "गोऱ्ह्याले कुठी लागलं त नाई ना त्या दिवशी?"

मी स्वयंपाकघरात जाऊन पातेलं गॅसवर आदळलं. तरीही चहात साखर नीटच घातली. जाताना तो माणूस माझ्याही पाया पडला. म्हणाला, "चुकलं बाई. बांधून ठेवीन." तेवढं त्यानं पाळलं. तांबडा त्यानंतर गावात दिसला नाही.

महिनाभरानं नगरपरिषदेनं मोकाट जनावर मुक्त शहर असा कार्यक्रम ठेवला आणि माझा सत्कार करायचं ठरवलं. मी जाणार नव्हते. भाजीवाल्यांनी ओढून नेलं. अधीक्षकांनीच मला शाल पांघरवली आणि भाषणात सांगितलं की ही मोहीम आमच्या विभागानं राबवली. मी माईक मागितला, तर वेळ संपली होती. तरुण मुख्याधिकारी तोवर बदलून गेले होते. काळा सांड अजून गुजरीत आहे, त्याच्यासोबत आता दोन गाई आणि एक वासरू. कोंडवाड्याला नवं कुलूप लागलंय. आत काय आहे ते मी पाहायला गेले नाही, रक्तदाब वाढतो.

मिस्टर आता काठी घेऊन चौकापर्यंत चालतात. डॉक्टरांनी रोज चाला म्हणून सांगितलंय. मी त्यांच्या उजव्या हाताला, रस्त्याच्या बाजूनं चालते आणि हे दर दहा पावलांवर कोणा तरी जुन्या प्रवाशाशी बोलायला थांबतात. रस्त्याच्या मधोमध. मी दंड धरून ओढते, तर म्हणतात, "काहून घाई करून राह्यली वं? कुठी गाडी सुटून राह्यली आपली?"