देवाच्या डब्यातला तांदूळ

चिन डोंगरांतल्या आमच्या ख्रिस्ती बायका देवाला मुठीने देतात. चुलीवर आधण ठेवले की घरासाठी मापलेल्या तांदळातून एक मूठ शेजारच्या डब्यात पडते, ती देवाची. शनिवारी महिला मंडळाच्या बायका दारोदार फिरून त्या मुठी गोळा करतात आणि त्यांच्या विक्रीवर चर्चच्या मंडळीचा गाडा चालतो. चर्चचे पत्रे त्यांतूनच चढले. पाळकांची मोटारसायकलही त्यांतूनच आली, आणि देवराज्याच्या विस्तारावर बोलायला ते शहरातल्या परिषदांना जात, तेव्हाचे पेट्रोलसुद्धा. ज्या घरांत एरवी मक्याची पेजच शिजे, तिथूनही मूठ चुकत नसे. त्याबद्दल कुणी बायकांचे आभार मानल्याचे ऐकिवात नाही. उलट, देवाच्या वाट्याला हात लावणाऱ्याच्या घरात पाळणा हलत नाही, असे वर्षातून एकदा तरी व्यासपीठावरून सुनावले जाई.

सुइ हनेमला ते सुनावण्याची गरज नव्हती. नवरा दरडीखाली गेला, सून पोटुशी असतानाच मुलगा मलेशियातल्या कुठल्याशा हॉटेलात भांडी घासायला गेला, पण तिची मूठ कधी चुकली नाही. मूठ टाकताना ती देवाशी बोले. पाऊस, गुडघे, डुकराचे आजारपण, सगळे सांगे. देव हा तिच्या घरातला अबोल, पण रोज जेवायला असणारा माणूस होता.

सैनिक चढून आले आणि गावाला आग लागली, तेव्हा तिने चुलीजवळचा डबा काखोटीला मारला, ओली बाळंतीण असलेल्या सून तियालने पोर छातीशी बांधले, आणि दोघी इतरांबरोबर ओढ्याच्या घळीत उतरल्या. प्लास्टिकचा कागद ताणून निवारा केला. मग डबा उजेडात आला. झाकणावर निळ्या रंगाने क्रूस काढलेला होता. घरचा आणि देवाचा, दोन्ही डबे बिस्किटांचेच, धुरात तिचा हात भलत्यावर पडला होता.

तियाल हसली. "वा, आई. आपलं पोट घरी विसरलीस आणि देवाचं तेवढं घेऊन आलीस."

सुइ हनेमही हसली. तेव्हा हसता येत होते.

पुढे रानकंद संपत आले. केळीचा गाभा उकडून खाल्ला. तियालचे दूध आटले, तसे पोराचे रडणे बारीक होत गेले. डबा उशाशी होता, भरलेला; गोळा करणाऱ्या बायका धामधुमीत बरेच शनिवार फिरकल्याच नव्हत्या. तियाल आधी त्याच्याकडे बघून चेष्टा करी, नंतर नुसती बघे. एके दिवशी ती म्हणाली, "आई, शिजव ना."

सुइ हनेम उठली आणि चढण चढून पाळकांच्या निवाऱ्याकडे गेली. सुनेला पेज द्यायला देवाच्या तांदळातला थोडा घेऊ का, एवढेच तिला विचारायचे होते. पाळकांनी तिला बसवून घेतले, पोराची चौकशी केली.

"माझं म्हणाल तर माझी हरकत नाही, आजी," ते म्हणाले. "पण तो तांदूळ मंडळीचा. समितीच्या ठरावाशिवाय मी हो कसं म्हणू? उद्या दहा जण विचारतील."

"पण समिती आहे कुठे, पाळकबाबा?"

"तीच तर अडचण आहे."

समितीतले निम्मे लोक सरहद्द ओलांडून गेले होते, अध्यक्षांचा पत्ता नव्हता. उरलेल्यांना रविवारच्या उपासनेनंतर विचारू, असे त्यांनी आश्वासन दिले आणि तिच्यासाठी प्रार्थना केली. प्रार्थना लांबलचक होती. तिच्यात तांदळाचा उल्लेख नव्हता.

ती तशीच परतली. पाळणा हलणार नाही, हे शब्द तिच्या मनात इतके खोल रुतले होते, की हलणारा पाळणा समोर थांबत चाललेला तिला दिसला नाही. रविवारी उजाडताना पोर तियालच्या मांडीवर गार झाले होते. ओढ्याकाठी खड्डा खणला. देवाने त्याला आपल्याजवळ बोलावून घेतले, असे पाळक म्हणाले. ठरावाचा विषय त्या दिवशी निघाला नाही.

निवाऱ्यात परत आल्यावर सुइ हनेमने कुणालाही न विचारता झाकण उघडले आणि चूल पेटवली.

"आता कशाला?" तियाल म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "राहू दे त्याचं त्याला. माझ्या पोरापेक्षा त्याची भूक मोठी होती."

भात रटरटत होता आणि सुइ हनेम सवयीने देवाशी बोलू पाहत होती, पण कुणीकडे तोंड करावे ते तिला कळेना. आयुष्यभर ती डब्याकडे बघून बोलत आली होती. आता डबा उघडा होता आणि त्यात तांदूळच होता. तिने मान वळवली. कोपऱ्यात तियाल बसली होती, ओठ फुटलेले, दूध नसलेल्या छातीवर हात आवळलेले. जेवायला रोज घरात असणारा तो माणूस, तिचा देव, इतके दिवस याच कागदाखाली उपाशी बसला होता. तिने त्याला ओळखले, आणि त्या ओळखीत दिलासा अजिबात नव्हता.

तिने भाताचा घास सुनेच्या तोंडाजवळ नेला. तियालने तोंड फिरवले. तिने हात तसाच धरून ठेवला.

"मी डबा बघत बसले, बाई. तुला बघायला हवं होतं."

बऱ्याच वेळाने तियालने तोंड उघडले. ते भुकेने, क्षमेने नव्हे.

भाताचा वास घळीत पसरला. माणसे आली, त्यांना पानावर वाढले गेले. शेवटी पाळक आले. उघड्या डब्याकडे बघत त्यांनी विचारले, "कुणाच्या परवानगीनं, आजी?"

"ज्याचा होता त्यालाच वाढला, पाळकबाबा. पण फार उशिरा."

ते गेले नाहीत. इकडेतिकडे पाहून, आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "थोडा उरलाय का?"

त्यांचे गाल बसले होते, हे तिने तेव्हा पाहिले. या माणसातही देव असेल का, हे तिला ठरवता आले नाही. तियाल तिच्याकडे बघत होती. सुइ हनेमने पातेले खरवडले आणि पान भरले.