पावणेनऊ दिवसांची रजा

रजेवर इतकं जिवापाड प्रेम करणारा आणि आयुष्यात एकदाही रजेवर न गेलेला माणूस अख्ख्या कृष्णाकाठी दुसरा सापडायचा नाही. हे माझे टेबलशेजारी. मलकापुरात शेतीपंपांचे सुटे भाग बनवणारा आमचा लहानसा कारखाना, त्याच्या माडीवर टाइम ऑफिस आणि टाइम ऑफिसात खिडकीला लागून एक लांबट टेबल. त्या टेबलाच्या एका अंगाला अकरा वर्षं मी बसलो आणि दुसऱ्या अंगाला ते. सगळा कारखाना त्यांना आण्णा म्हणायचा, म्हणून मीही म्हणायचो. दीडशे माणसांची हजेरी आणि रजा त्यांच्या ताब्यात होती. कुणाची किती रजा शिल्लक आहे हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी अर्ध्या दिवसासकट सांगता यायचं. स्वतःच्या नातवंडांचं वय मात्र ते बायकोला फोन करून विचारायचे.

दुपारचा डबा झाला की आण्णा खुर्ची मागं कलती करायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि अर्धवट मिटल्या डोळ्यांनी रजेबद्दल बोलायला लागायचे. खाली मशिनांची घरघर चालू असायची, खिडकीतून हायवेवरच्या गाड्यांचा आवाज यायचा आणि त्या सगळ्यावर आण्णांचा आवाज हळूहळू तरंगत असायचा. ‘‘गड्या, रजा कशी पायजे सांगू? बुधवारची पायजे. सकाळी अकराची येळ. सगळं जग कामाला गेलंय, गल्लीत कोण न्हाई, आन् आपण आपल्या घरात बसलोय. त्या टायमाला माझ्या घरात ऊन कुठवर येतं, मला ठाव न्हाई बग.’’ आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. मी म्हणायचो, ‘‘आण्णा, गुरुवारी बघा की. ऊन तेच.’’ त्यावर ते माझ्याकडे अशा कीव आल्यासारख्या नजरेनं बघायचे, की जणू बासुंदीपुढं मी चहाची तारीफ केली असावी. ‘‘गुरुवारची सुट्टी सगळ्यांची असती रं. ती वाटून आलेली. रजा आपली एकट्याची.’’ मग त्यांचे डोळे पूर्ण मिटायचे आणि कृष्णा-कोयनेच्या संगमावर, घाटाच्या कुठल्याशा पायरीवर ते जाऊन बसायचे. दोनचा भोंगा झाला की तिथून परत यायला त्यांना मिनिटभर तरी लागायचं.

दुसऱ्याच्या रजेतही त्यांचा जीव तितकाच अडकलेला. अर्जावर ‘घरगुती काम’ असं लिहून आणणाऱ्या माणसाचा त्यांना मनापासून राग यायचा. एकदा एका फिटरनं नुसतं ‘काम आहे’ असं लिहून आणलं. आण्णांनी अर्ज उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, ‘‘काम तर हितंबी हाय की. काम सोडून जायाला कामाचं कारण सांगतोस व्हय?’’ फिटर लाजला. मग खोदून खोदून विचारल्यावर कळलं, की बहिणीची म्हैस व्यायलीय आणि तिनं खरवस खायला बोलावलंय. आण्णांचा चेहरा उजळला. त्यांनी कोरा कागद घेतला आणि आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, ‘भगिनीच्या घरी म्हैस व्याली असून खरवसाचे आग्रहाचे आमंत्रण आहे, तरी एक दिवसाची रजा मिळावी.’ मॅनेजरसाहेबांनी तो अर्ज दोनदा वाचला आणि एकाऐवजी दोन दिवस मंजूर केले. येताना डब्यातून काय आणायचं तेही त्यांनी फिटरला बोलावून सांगितलं.

पण आण्णांची खरी कळा बघायची तर कुणी वर्षाच्या मध्येच नोकरी सोडून निघाला की बघावी. आमच्याकडं रजेचं वर्ष एप्रिल ते मार्च. वर्षाला पंधरा रजा, म्हणजे महिन्याला सव्वा. सोडणाऱ्याला जेवढे महिने भरले तेवढ्यांचीच रजा मिळायची, आणि तिचा हिशेब आण्णा करायचे. हिशेबात पाव-अर्धा दिवस उरला, की ते तो बिनदिक्कत पुरा करून टाकायचे. ‘‘जाणाऱ्या माणसाला पाव दिवसासाठी अडवू ने,’’ हा त्यांचा कायदा. वर ते त्याला हातानं धरून समोर बसवायचे. आमचा एक वेल्डर चार महिने भरून पुण्याला चालला होता. त्याला पाच दिवस निघाले. तो म्हणाला, ‘‘आण्णा, पैशे द्या, दिवस काय करायचेत?’’ आण्णा खरोखर दुखावले. ‘‘अरं, पैशे पुण्यात मिळतील. हे पाच दिवस तिथं कोण देणार हाय? आईच्या हातचं खा, नमाजाला वडलांसंगट चालत जा, दुपारचा झोप. हे दिवस तू कमवल्यात.’’ वेल्डर बिचारा पाच दिवस घरी राहिला. पुण्यात गेल्यावर त्यानं आण्णांना फोन केला आणि तो बराच वेळ बोलत होता, एवढं मला टेबलापलीकडून दिसलं.

आणि स्वतः आण्णा? दर वर्षी एप्रिलपासून त्यांच्या रजेचं स्वप्न अंकुरायचं, दिवाळीपर्यंत पानाफुलांवर यायचं आणि मार्चअखेर कोमेजून जायचं. घेतली नाही ती रजा आमच्याकडं बुडायची, आणि बुडालेल्या रजेपुढं लाल शाईनं रेघ मारायचं कामही त्यांचंच. सगळ्यांच्या रेघा पट्टी लावून, स्वतःची हातानं, जरा वाकडी. मी चेष्टा करायचो, ‘‘आण्णा, यंदाबी राहिली का?’’ ते म्हणायचे, ‘‘मनात झाली की.’’ मी रजेच्या बाबतीत पहिल्यापासून उधळ्या. मेहुण्याचं लग्न, भाच्याचं बारसं, सासुरवाडीची जत्रा, कधी नुसतं अंग दुखतंय म्हणून. माझ्या खात्यावर मार्चमध्ये कधी अर्धा दिवससुद्धा शिल्लक राहिला नाही. ते का जात नाहीत, हा प्रश्न मला अकरा वर्षांत पडला नाही, याची आता मला लाज वाटते.

गेल्या वर्षी आण्णांनी राजीनामा दिला. निवृत्तीला दोन वर्षं बाकी असताना. आटपाडीला त्यांच्या थोरल्या भावाची डाळिंबाची बाग होती आणि भावाची नजर गेली होती. पावसाळ्याअखेरचा हस्त बहार धरलेला, बघायला माणूस नाही. ऑक्टोबरअखेर नोकरी सोडून आण्णा कायमचे तिकडं जाणार होते. मी म्हटलं, ‘‘मग काय, आण्णा, आता रोजच रजा!’’ ते म्हणाले, ‘‘डाळिंबाला रजा नसती रं. तेल्या रोग एकदा शिरला की बाग संपली. रोज झाड न् झाड बघाय लागतं, मरुस्तवर.’’ आणि त्यांनी कागद ओढून हिशेब मांडला. एप्रिल ते ऑक्टोबर सात महिने, महिन्याला सव्वा, पावणेनऊ दिवस. त्यांच्या आयुष्यातली शेवटची रजा पावणेनऊ दिवसांची होती. मी म्हटलं, नऊ करा. इतरांचं करता तसं. ते म्हणाले, ‘‘दुसऱ्याचं येगळं. माझ्याच हातानं माझं कसं करू?’’

त्यांनी अर्ज केला आणि तिसऱ्या दिवशी सांगलीच्या हेड ऑफिसहून नकार आला. राजीनाम्यानंतरच्या नोटिशीच्या महिन्यात रजा देता येत नाही, उरलेल्या रजेचे पैसे मिळतील. आण्णांनी तो कागद दिवसभर टेबलावर समोर ठेवला. संध्याकाळी म्हणाले, ‘‘सांगलीला जाऊन येतो.’’ आता रजा मागायला सांगलीला जायचं तर रजा काढायला पाहिजे, आणि ती तर नामंजूर! हेड ऑफिसची सुट्टी रविवारची, म्हणून शेवटी ते आमच्या सुट्टीच्या गुरुवारी निघाले. आदल्या दिवशी त्यांच्या घरून वहिनींचा मला फोन, ‘‘भावजी, तुमी संगट जावा. त्यास्नी कुणापुढं स्वतःसाठी मागायची सवय न्हाई.’’ म्हणून मीही गेलो. एसटीत आण्णा खिडकीशी बसले. इस्लामपूर मागं पडलं, दोन्ही बाजूंना ऊस डोलत होता, आणि आण्णा एकटक त्याच्याकडं बघत होते. रजेवर जाणारा माणूस असाच दिसत असावा, असं मला वाटून गेलं.

हेड ऑफिसच्या मॅडम वयानं लहान पण समजूतदार होत्या. त्यांनी आम्हाला चहा दिला, नियम पुन्हा वाचून दाखवला आणि म्हणाल्या, ‘‘काका, एक तारखेपासून तुम्ही मोकळेच आहात. मग आत्ताच रजा कशाला हवी? मी कारण काय लिहू?’’ शेकडो लोकांच्या रजेची कारणं सजवून देणारे आण्णा स्वतःचं कारण सांगायला अडखळले. हातातली टोपी त्यांनी दोनदा घडी करून दोनदा उलगडली. मग म्हणाले, ‘‘मॅडम, नोकरी सुटल्यावर माणूस नुसता घरात असतो. त्याला रजा म्हणत न्हाईत. रजा म्हंजी, तिकडं आपली खुर्ची हाय, आपलं काम हाय, आन् तरीबी आपण हितं हाय. ते मला एकदा बघायचं हुतं. दुसरं काय कारण न्हाई.’’

मॅडमनी कॉम्प्युटरवर आण्णांचा जुना रेकॉर्ड उघडला आणि बघता बघता त्यांच्या कपाळावर आठी पडली. ‘‘काका, दर वर्षी तुम्ही रजेचा अर्ज टाकलाय आणि दर वर्षी तुम्हीच मागे घेतलाय. कारण एकच आहे, ‘सहकारी रजेवर असल्याने’. हा सहकारी कोण?’’ आमच्या ऑफिसचा नियम असा, की एका टेबलावरचा एकच माणूस एका वेळी रजेवर जाईल. आण्णा छताकडं बघू लागले. मी मान खाली घातली. मेहुण्याचं लग्न, बारसं, जत्रा, अंगदुखी, सगळं त्या स्क्रीनवर तारीखवार आलं असणार. मी अर्ज टाकला, की समोरच्या माणसानं आपला अर्ज मुकाट्यानं फाडला होता, आणि वर माझ्याच अर्जाची भाषा सुधारून दिली होती. मॅडम म्हणाल्या, टेबल सांभाळायला कुणी असेल तर मी वरच्यांना विचारून बघते, पण ऑक्टोबरच्या त्या शेवटच्या आठवड्यात या टेबलाची एक रजा आधीच मंजूर दिसतेय. ती माझीच. खंडाळ्याला सासुरवाडीची वास्तुशांत होती, बायकोनं महिनाभर आधी साडी घेऊन ठेवली होती. मी म्हटलं, ‘‘मॅडम, ती रद्द करा. टेबलावर मी बसतो.’’ आण्णा एकदम वळले, ‘‘अरं, खुळा का काय तू? सासुरवाडीचं काम हाय.’’ मी म्हटलं, ‘‘आण्णा, तुमी गप बसा.’’ अकरा वर्षांत मी त्यांना असं पहिल्यांदाच बोललो. मॅडमनी तिथंच वर फोन लावला, पाच मिनिटं बोलल्या आणि रजा मंजूर झाली. बायको खंडाळ्याला एकटी गेली आणि आल्यावर चार दिवस माझ्याशी बोलली नाही.

आण्णा आठ दिवस रजेवर गेले. शेवटच्या तारखेला सकाळी नऊला हजर झाले, कारण पाऊण दिवसाची रजा घ्यायची तर पाव दिवस भरला पाहिजे. मी अधीरपणे विचारलं, काय काय केलं? ‘‘काय न्हाई,’’ ते म्हणाले, ‘‘लय चांगलं झालं.’’ मग कामाचे कागद माझ्या हवाली करता करता तुकड्या-तुकड्यानं सांगू लागले. संगमावर दोन पाण्यांचे दोन रंग बराच वेळ वेगळे राहतात. शेजाऱ्यांचं मांजर रोज दुपारी त्यांच्या पलंगावर येऊन झोपतं आणि ते बहुधा स्वतःला मालक समजतं. आणि वहिनी भाकरी थापताना गाणं म्हणतात. ‘‘बत्तीस वर्षं झाली लग्नाला,’’ आण्णा म्हणाले, ‘‘आन् मला ठाव न्हवतं. मी घरात असल्यावर गप असायची. चौथ्या दिवशी इसरली मी हाय म्हणून.’’

बरोबर दोन तास भरल्यावर ते उठले, हजेरीच्या मशिनवर बोट लावलं, सगळ्यांना हात जोडले आणि जिना उतरले. घरी गेले असतील असं मी धरून चाललो. थोड्या वेळानं खिडकीतून पाहतो तर फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर, बाकावर ऐसपैस बसलेले! जेवणाच्या सुट्टीत मी खाली गेलो. ‘‘आण्णा, हे काय?’’ ते डोळे मिटूनच बोलले, ‘‘ऐक. मशिनांचा आवाज येतोय नव्हं? समदे आत हाईत आन् मी भाईर हाय. घरात ह्यातलं काय ऐकू येत न्हाई.’’ त्यांच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं होतं, की मलाही तिथंच बसून राहावंसं वाटलं. म्हटलं, मी पण बसतो आज तुमच्याबरोबर, काय व्हायचं ते होऊ दे. तसे त्यांनी डोळे उघडले. ‘‘नगं गड्या. तू वर जा. टेबलावर कोण न्हाई म्हटल्यावर माझी कसली रजा? मग मी नुसता बाकड्यावरचा म्हातारा.’’

मी वर गेलो. त्या दुपारी मी जसं काम केलं तसं त्याआधी कधी केलं नव्हतं आणि नंतरही केलेलं नाही. एकदाही चहाला उठलो नाही. पाचचा भोंगा झाला तेव्हा मी जिन्यावरच्या गर्दीतून धावत फाटकाशी आलो. आण्णा उभे राहिले होते, टोपी नीट करत होते. ‘‘संपली,’’ ते म्हणाले. नोकरीबद्दल बोलताहेत असं समजून मी काहीतरी धीराचं सांगायला गेलो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ‘‘नोकरीचं काय न्हाई रं,’’ ते म्हणाले, ‘‘रजा संपली.’’ त्यांचे डोळे भरून आले होते आणि माझेही. मग त्यांनी बाकावरची पिशवी उचलली आणि आम्ही दोघं एसटी स्टँडच्या रस्त्याला लागलो.