बेल वाजली की बाहेर

परत तेच. गेल्या शुक्रवारी चहाला बोलावलंत, चहात साखर कमी, आणि कप हातात दिल्याबरोबर म्हणे, "काका, तो बर्फातला किस्सा होऊन जाऊ दे." आता तर म्हणे लिहूनच द्या, मंडळाच्या दिवाळी अंकात छापू. म्हणजे गाढवपणा मी करायचा, हसायचं तुम्ही, आणि लिहिण्याची हमालीही माझ्याच डोक्यावर. मी चौथीत शाळा सोडली ती लिहायचा कंटाळा म्हणून. पुढे हे वाढून ठेवलंय असं कळलं असतं तर तिसरीतच सोडली असती.

लिहितो. पण हसायचं असेल तर शेवटपर्यंत वाचून हसा.

मी इंडस्ट्रियल एरियात कोल्ड स्टोअरमध्ये फोर्कलिफ्ट चालवतो. बाहेर असं ऊन की लोखंडी दाराला हात लावला तर कातडी तिथेच राहील, आणि आत उणे अठरा. कोंबड्या, मटण, मटार, परोठे, सगळ्याचे दगड झालेले. कतारच्या वाळवंटात राहून अर्धं आयुष्य थंडीने कुडकुडलेला माणूस बघायचा असेल तर या, मला बघा. तिकीट नाही.

आमच्याकडे एक नियम आहे. आत काम करताना ठरल्या वेळाने बेल वाजते. बेल वाजली की हातातलं टाकायचं आणि बाहेर यायचं. गरम खोलीत बसायचं, चहा प्यायचा, बोटं परत आपली वाटायला लागली की मग आत. खोका अर्धा उचललेला असो की साहेब समोर उभा असो, बाहेर म्हणजे बाहेर. मागे एक जण "एवढी रांग लावतो" म्हणून आत राहिला आणि हाताची दोन बोटं घालवून बसला. तेव्हापासून दारात उभं राहून डोकी मोजायचं काम मी अंगावर घेतलं. कुणी सांगितलं नाही, पगारात कुणी धरत नाही. एक डोकं कमी भरलं की मी आत जातो आणि त्याला टोपी धरून ओढत बाहेर आणतो. वर शिव्या देतो त्या वेगळ्या. पण माझ्या शिव्या खाल्लेल्या प्रत्येकाची बोटं आज जागच्या जागी आहेत.

हे सगळं आधीच सांगतोय, कारण पुढचं वाचून तुम्ही म्हणाल, म्हातारा खुळा आहे. तसं म्हणालच, पण निदान कारण माहीत असू दे.

तर माझी नात पल्लवी, माझ्या लेकीची लेक, हिचं लग्न ठरलं. आमच्या खेडला. मी दोन-दोन वर्षांनी गावी जाणार, दर वेळी पोर हातभर वाढलेली. म्हणजे तिला वाढताना मी कधी बघितलीच नाही, वाढलेलीच बघितली. म्हटलं, लग्न तरी डोळ्यांनी बघू. आणि मुहूर्त कधीचा निघावा? नेमका रमजानच्या तोंडावर. तेव्हा अख्ख्या दोह्याची कोंबडी आमच्याकडे येऊन पडते. सुट्टी मागितली तर साहेब म्हणाला, जा की, पण मग परत येऊ नकोस. या वयात मला दुसरं कोण ठेवणार? संग्रहालयवाले ठेवतील फार तर.

आता आमचा मोठा साहेब. लेबनॉनचा आहे, डोक्यात सदा काहीतरी वळवळत असतं. त्याने स्टाफ डे काढला. एका मॉलमध्ये खोट्या बर्फाचा हॉल आहे, तिथे फुटबॉल. ऑफिस विरुद्ध फ्रीजर. जी टीम जिंकेल तिला सीझनमध्ये एका माणसाची सुट्टी, माणूस त्यांनीच ठरवायचा. माणसाच्या सुट्टीचा कुणी चेंडू करतो का? पण आमच्या साहेबाने केला.

बरवा अल बराहाच्या कामगार वसाहतीतल्या आमच्या खोलीत बैठक बसली. दोन मलबारी, एक बंगाली आणि दिलबहादूर नेपाळी. चौघांनी एका तोंडाने सांगितलं, सुट्टी चाचाची, म्हणजे माझी. दिलबहादूर आमचा हुकमी खेळाडू. तो म्हणाला, "चाचा, आपको शादी में भेजके ही रहूँगा." पाचवा माणूस कोण, तर मी म्हटलं, मी. ते नको नको म्हणाले. मी म्हटलं, लग्न माझ्या नातीचं आणि मी बाहेर बसून शेंगा सोलू? जन्मात कधी फुटबॉलला पाय लावला नव्हता. गावी हुतुतू खेळलो होतो, तोही सुटून पळायच्या बाजूनेच जास्त. शेवटी मला गोलात उभं केलं.

मॉलमधला तो हॉल तुम्ही बघितलाच असेल. प्लास्टिकचं अस्वल, कागदाची झाडं, खाली भुसभुशीत बर्फ. ऑफिसवाले भाड्याची लाल जॅकेटं घालून दातावर दात आपटत उभे. त्यांचा कप्तान कुलकर्णी, अकाउंट्सचा, पुण्याचा, राहायला अल थुमामाला. माणूस चांगला आहे, मला काका म्हणतो. मला म्हणाला, "काका, भयंकर थंडी आहे हो." म्हटलं, ही थंडी? अशा थंडीत आम्ही बनियनवर बसतो. खोटं बोललो, पण रुबाब राहिला.

आमची टीम फ्रीजरच्याच पोशाखात होती. मी आत आणखी दोन स्वेटर चढवले होते. गोल छोटा, मी मोठा. आत उभा राहिलो तर दोन्ही बाजूंना वीत-वीतभर जागा उरली. मग काय, चेंडू आला की माझ्यावर आपटायचा आणि परत जायचा. पोटावर आपटला, पाठीवर आपटला, एकदा मी नाक पुसत होतो तर कोपरावर आपटला. सगळे टाळ्या वाजवायला लागले. मी एकदाही हललो नव्हतो. एकदाच हललो, बूट वर ओढायला वाकलो, तेवढ्यात त्यांचा एक गोल झाला. आमचा एक दिलबहादूरने केला होताच. बरोबरी.

खेळ संपत आला होता. दिलबहादूरला चेंडू मिळाला. तो पोरसवदा दिसतो, पण बर्फातच जन्मलेला, त्याचे पाय घसरत नाहीत. एकाला चुकवलं. दुसऱ्याला चुकवलं. कुलकर्णी आडवा आला तो बसकण मारून दूरवर घसरत गेला. त्यांचा गोलवाला पुढे धावला आणि उताणा पडला. समोर गोल मोकळा. दिलबहादूर, चेंडू आणि माझ्या नातीचं लग्न, मध्ये कुणी नाही.

आणि बेल वाजली.

नंतर कळलं, तिथे छतातून बर्फ पाडायच्या आधी बेल देतात, मुलांनी खाली येऊन नाचावं म्हणून. पण आवाज हुबेहूब आमच्या बेलचा. तोच बसलेला घसा.

आता मला विचारता, काका, तुम्हाला कळलं कसं नाही? अरे, कळायला डोकं लागतं. बेल वाजली की आमचं डोकं बंद होतं आणि पाय चालायला लागतात, इतकी वर्षं तेच केलंय. ते दोघे मलबारी आणि बंगाली माझ्याआधीच दाराकडे निघालेले. मी गोल सोडला, दारात जाऊन उभा राहिलो आणि डोकी मोजली. एक कमी.

वळून बघतो तर दिलबहादूर आतच, एक पाय मागे उचललेला. मी धावलो. या वयात, दोन स्वेटर घालून, बर्फात धावलो. मागून त्याची टोपी पकडली आणि ओढला.

"बेल सुनाई नहीं देता? उंगली कटवानी है?"

"चाचा, एक लात मारने दो."

"बाहर जाके मार."

आणि तो आला हो. एवढा मोठा मोकळा गोल सोडून गरीब गाईसारखा माझ्यामागे आला. चाचा ओढतोय म्हणजे काहीतरी असेल, असं त्याला वाटलं असणार. माझ्या शिस्तीचा एवढा दरारा.

बाहेरच्या गरम खोलीत मी परत मोजलं. पाचच्या पाच. जिवाला बरं वाटलं. थर्मासमधला चहा ओतला, दिलबहादूरची बोटं चोळून बघितली, ठीक होती. मग काचेतून आत नजर गेली तर लाल जॅकेटवाले अजून खेळतायत. मी म्हटलं, बघा, शिकलेली माणसं, पण शिस्त म्हणून नाही. बोटं गळून पडतील तेव्हा समजेल.

तेवढ्यात कुलकर्णी चेंडू घेऊन आमच्या गोलपाशी आला. थांबला. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, रस्ता ओलांडताना बघतात तसं. आणि मांजरापुढे दुधाची बशी सरकवावी तसा चेंडू हळूच आत सरकवला.

दिलबहादूर अगदी हळू म्हणाला, "चाचा, ये अपना फ्रीजर नहीं है."

खलास. शिट्टी झाली. छतातून बर्फ पडत होता आणि त्याखाली ऑफिसवाले नाचत होते.

कुलकर्णी बाहेर आला, माझ्या समोर खाली मान घालून उभा राहिला. म्हणाला, "सॉरी काका, बॉल चालू होता, मला काय करावं सुचेना." त्याने माफी मागितली, त्याचा विषय मिटला. सुट्टी त्यांच्यातल्या एका मल्याळ्याला गेली, त्याची बायको बाळंत व्हायची होती. त्याच्याशी भांडायचं म्हटलं तरी तोंड नव्हतं. आमच्या चौघांपैकी एकानेही मला कधी टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं.

मी पल्लवीला फोन करून सांगितलं, पोरी, जमत नाही. ती म्हणाली, "आजोबा, आशीर्वादाचा व्हिडिओ पाठवा. मंगलाष्टकांआधी मोठ्या स्क्रीनवर लावू. सगळ्यांना दिसाल."

इस्त्रीचा शर्ट घातला, दाढी केली. दिलबहादूरने मोबाइल धरला. मला बोलता कुठे येतंय? म्हटलं, पोरी, मी तुला कडेवर घेऊन कधी फिरलो नाही, तेवढं माझं राहिलं. आता नवऱ्याबरोबर फीर, भरपूर फीर. पुढे नुसता बाहीने डोळे पुसत बसलो. दिलबहादूर म्हणाला, परत घेऊ. मी म्हटलं, राहू दे. पाठवला माझ्या जावयाला, म्हणजे पल्लवीच्या बापाला. स्क्रीनचं सगळं त्याच्याकडे होतं.

लग्नाच्या दिवशी व्हिडिओ कॉल लावला होता. कुणीतरी फोन मांडवाच्या खांबाला बांधलेला. मला माणसं दिसत होती, स्क्रीन दिसत नव्हता. भटजींना थांबायला सांगितलं, आणि सगळी माणसं समोर बघायला लागली. म्हटलं, लागला माझा व्हिडिओ. थोड्या वेळाने एक जण हसला. मग दहा हसले. मग अख्खा मांडव. नवरदेवाचा काका तर पोट धरून खुर्चीवरून घसरला. मला वाटलं, मी नीट बोललोय म्हणायचं, माणसं खूश आहेत. मी इकडे खोलीत एकटा बसून हात हलवला. दोन्ही हात जोडून नमस्कारही केला.

फक्त पल्लवी हसत नव्हती. ती मुंडावळ्या बाजूला करून कुणाकडे तरी रागाने बघत होती.

तेवढ्यात स्क्रीनमधून माझाच आवाज आला, "बाहर जाके मार."

मॅचचा व्हिडिओ. ऑफिसच्या कुणीतरी काढलेला, फिरत फिरत खेडला पोचलेला. फोनसमोर जावयाचं तोंड आलं, हसून लालबुंद. "मामा, हिट झालात तुम्ही. वऱ्हाडी सारखे मागतायत, परत लावा म्हणून."

मी विचारलं, "आणि माझा आशीर्वाद?"

"तो रडका होता हो मामा. शुभकार्यात कशाला?"

तेवढ्यात "सावधान" झालं आणि फोन कुणीतरी काढून घेतला.

ईदनंतर मला सुट्टी मिळाली. खेड स्टेशनवर न्यायला तोच आला होता. रस्ताभर वाट बघितली, आता काही बोलेल, मग बोलेल. जावयाला विचारायची आपल्यात सोय नाही. जावयाचे पाय धुवायचे असतात, कान धरायचे नसतात. घरी पोचलो, बॅग उघडली, आणि इथून नेलेलं उंची अत्तर मी स्वतःच्या दोन्ही हातांनी त्याला दिलं. त्याने बाटली हुंगली आणि म्हणाला, वास जरा उग्र आहे.

माफी यायची राहिलीय ती त्याची. विलास, माझ्या लेकीचा नवरा.